वारज्याचं कुलूप, नारायण पेठेतली खोली

अहो, कुलूप सापडलं.

निखिल म्हणत होता, दवाखान्याच्या धावपळीत कुठंतरी पडलं असेल, जाऊ दे आई, नवीन घेऊ. पण तुमची वस्तू पडत नाही, ती कुठंतरी ठेवलेली असते, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे. निळ्या रेक्झिनच्या बॅगेत होतं. पंच्यात गुंडाळलेला तांब्या, आणि तांब्याच्या पोटात कुलूप, किल्लीसकट. म्हणजे गेल्या वर्षी नारायण पेठेतून परत आल्यापासून तुम्ही बॅग उपसलीच नव्हती. मी विचारलं होतं, "बॅग रिकामी केलीत का?" "केली की," म्हणाला होतात. आता या विषयावर भांडायला मी कुणाकडे जाऊ?

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. आजार, दवाखाना, शेवटचे दिवस, यातलं मी काही लिहिणार नाही. तुम्हाला त्या विषयाचा कंटाळाच होता. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतले की तुम्ही खिडकीतून पार्किंग बघायचात, आणि ते बोलून गेले की मला सांगायचात, "त्या पांढऱ्या गाडीवाल्याला रिव्हर्स येत न्हाई." मला लिहायचं आहे ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धं राहिलं. परवा आपल्या लग्नाचा वाढदिवस झाला, त्या दिवशी त्याचा काहीतरी निकाल लागला, आणि तो तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी निखिलचं सांगते. आपला लेक चांगला आहे, हे तुम्ही जाताना मला बजावून गेलात, तसं बजावायची गरज नव्हती. त्याने बाणेरच्या फ्लॅटमधली एक खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. पडदे लावलेत. देवाला कोपरा केलाय. वारज्याचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि मी तिकडे जायचं, असं त्याचं म्हणणं. मी नाही म्हणत राहिले तेव्हा एक दिवस तो म्हणाला, "आई, संध्याकाळी बाहेरून येशील, दार उघडशील, तेव्हा आत कोण असणार?" त्याने चांगल्या मनाने विचारलं. पण प्रश्न खरा होता. कारण तेरावं झाल्यावरही कोणी ना कोणी घरात होतंच, कधी माझी बहीण, कधी जाऊबाई. रिकाम्या घराचं दार मी अजून एकदाही उघडलेलं नव्हतं. मला ते जमेल की नाही, मलाच माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, लग्नाच्या वाढदिवसानंतर सांगते.

आता भांडण. तुम्ही घर कशाला म्हणायचं आणि मी कशाला, एवढंच ते होतं, पण आपण ते संसारभर पुरवून वापरलं. तुमचं म्हणणं, घराला पायाखाली माती लागते. वारज्यातलं तुमच्या वाडवडिलांचं रान गेलं, त्यावर ही सोसायटी उभी राहिली, आणि रानाच्या बदल्यात चौथ्या मजल्यावरचा हा फ्लॅट आपल्या वाट्याला आला. पाहुणे आले की तुम्ही त्यांना गॅलरीत न्यायचात आणि सांगायचात, "हितं खाली वांगी होती आमची. आता आम्ही वांग्यांच्या वाफ्यावरच झोपतो, फक्त चार जिने वर." पाहुणे हसायचे. तुम्ही हसत नसायचात. या फ्लॅटला तुम्ही घर म्हणतच नव्हतात. "वर" म्हणायचात. "मी वर जातो." "पिशवी वर ठेवलीय."

माझं म्हणणं दुसरं होतं. माझे वडील वाशीमकडे जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. आमच्या खोपीला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. पायाखाली माती भरपूर, ती कुणाची होती ते विचारू नका. मी पुण्यात आले आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून बी.कॉम. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते, त्याची मला लाज नाही. कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत चार मुलींच्या चार खाटा, आणि आपलं म्हणून जे काही ते खाटेखालच्या ट्रंकेत. म्हणून मला घर म्हणजे दार, आणि दारावर नाव. फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा तुम्ही पितळेची पाटी करून आणलीत. वर माझं नाव, त्यापुढे बी.कॉम., आणि खाली बारीक अक्षरांत तुमचं.

मी म्हटलं, "अहो, हे उलटं झालं."

"उलटं कशानं? लोकांनी वाचताना आधी चांगलं वाचावं. दुधाच्या गाडीवाल्याचं काय, दिसलं तर दिसलं."

तुमच्या मावसबहिणीने तेराव्याला ती पाटी निरखून बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता त्यातलं 'सौ.' काढून घ्यायला हवं गं." मी म्हटलं, "कोरलेलं आहे ताई. काढायला गेलं तर भोक पडेल." तुम्ही असतात तर पंच्याचं टोक तोंडात कोंबून आत पळाला असतात.

नारायण पेठेतच आपली गाठ पडली. तुम्ही पहाटे दुधाचा टेम्पो घेऊन यायचात आणि मी आमच्या मालकीणबाईंच्या पिशव्या घ्यायला खाली यायचे. तो भाग मी इथे लिहीत नाही, तो आपल्या दोघांत राहू दे. लग्न होऊन मी वारज्यात आले, तर तिथे माणसं घरभर आणि खोल्या दोन. आपल्याला एकमेकांशी बोलायचं झालं तर गोठ्यात जावं लागे, आणि म्हशीसुद्धा कान देऊन ऐकायच्या. लग्नाला वर्ष झालं तेव्हा तुम्ही जेवता जेवता जाहीर केलंत, "उद्या आम्ही दोघं एक रात मुक्कामाला चाललोय."

सासूबाईंनी विचारलं, "कुठं?"

"पुण्याला."

"पुण्यात कोण आजारी हाय?"

त्यांचं चुकलं नव्हतं. वारज्याचा माणूस पुण्यात जायचा तो मंडईत नाहीतर दवाखान्यात, आणि दिवस मावळायच्या आत परत यायचा. पुण्यात झोपायला कुणी जात नसे. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "कुणी न्हाई. समदे बरे हायेत. म्हणूनच चाललोय."

रिकामा टेम्पो घेऊन आपण निघालो. मी पुढे तुमच्या शेजारी, मांडीवर बॅग. नदीकडच्या एका बोळात ते लॉज. काउंटरवरच्या मॅनेजरांचा चष्मा कपाळावर होता आणि नजर रजिस्टरवर. ती न उचलता त्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

"वारज्याहून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग परत जायला बस आहे की. पुण्यातल्या लोकांना आम्ही खोली देत नाही. पुण्यातल्या माणसाला पुण्यात खोली कशाला लागते, ते आम्हाला कळतं."

मी पदराआडून मंगळसूत्र बाहेर काढलं. आयुष्यात तेवढी लाज मला कधी वाटली नसेल. तुम्ही मात्र काउंटरवर कोपर टेकून निवांत उभे. "वारजं पुण्यात कुठाय? ग्रामपंचायत हाय आमची. सरपंच हाय."

"सरपंच सगळीकडे असतात."

"पहाटं कोंबडा आरवतो. तुमच्या पेठंत आरवतो का?"

मॅनेजरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पहिल्यांदा आपल्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "इथे आरवला तर शेजारी तक्रार करतील. सही करा."

भिंतीवर पाट्या होत्या. गरम पाणी सहा ते सात, सात म्हणजे सात. खोलीत मोठ्याने हसू नये. कुलूप आपले आपण आणावे. आपण कुलूप आणलं नव्हतं. तुम्ही खाली गेलात आणि टेम्पोच्या मागच्या दाराचं काढून आणलंत. मुठीएवढं पितळी कुलूप, दुधाचा आंबूस वास असलेलं.

"आणि टेम्पोला?" मी विचारलं.

"टेम्पोत रिकामे क्रेट हायेत. खोलीत बी.कॉम. हाय."

मोठ्याने हसायला बंदी होती. मी उशीत तोंड घातलं.

मग तुम्ही जे केलंत ते पुढे दरवर्षी केलंत, म्हणून मला पाठ आहे. खाट ओढून डोकं पूर्वेला येईल अशी केलीत. खिशातून सुतळी काढून खिडकीच्या गजापासून खुंटीपर्यंत बांधलीत आणि तिच्यावर पंचा टाकलात. तांब्या भरून उशाशी, त्यावर पेला उपडा. आरसा तुमच्या उंचीवरून माझ्या उंचीवर आणलात. बॅग अजून उघडायची होती आणि खोली आपली झाली होती. जेवायला निघालो तेव्हा मी जिना उतरून रस्त्यावर पोचले तरी तुम्ही वरच. कुलूप लावून ते दोनदा ओढून बघायचं आणि मगच जिना उतरायचा, ही सवय टेम्पोची. खाली येऊन म्हणालात, "घर बंद केलं."

त्या दिवशी माझं लक्ष गेलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी गेलं.

वारजे महापालिकेत आलं त्या वर्षी मॅनेजर म्हणाले, "अभिनंदन. आता तुम्ही पुणेकर. पुणेकरांना खोली नाही." तुम्ही म्हणालात, "कोंबडा आरवतोय अजून." ते म्हणाले, "मग विचार करता येईल." तेव्हापासून ते एवढंच विचारायचे, "कोंबडा?" आणि तुम्ही म्हणायचात, "आरवतो." भाऊजींनी सोसायटीमागच्या तुकड्यावर दोन म्हशी आणि थोड्या कोंबड्या ठेवल्या होत्या, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही. एका वर्षी कोंबडा मेला तर वाढदिवसाच्या आत तुम्ही भाऊजींना नवा आणून दिलात. ते म्हणाले, कशाला? तुम्ही म्हणालात, कागदपत्रं पूर्ण लागतात.

पहिल्या पगारावर निखिलने आपल्याला महाबळेश्वरचं बुकिंग करून दिलं होतं, ते आठवतंय ना? किती हौसेने केलं होतं पोराने. तिथे दाराला कार्ड. कार्ड खाचेत घातलं की दिवे लागायचे, काढलं की जायचे. तुम्ही कुलूप हातात घेऊन कडी शोधत दारासमोर उभे. रात्रभर कुशी बदलत राहिलात आणि सकाळी मला म्हणालात, "हे घर न्हाई, फ्रिज हाय. दार लावलं की आत अंधार." पुढच्या वर्षी आपण पुन्हा नारायण पेठेत.

आणि ते वर्ष, ज्यावरून भांडण पेटलं. आपण नुकतेच फ्लॅटमध्ये आलो होतो. दाराचं लॅच बिघडलेलं, तुम्ही ते दुरुस्त करणार होतात, त्यामुळे दाराला बाहेरून ते पितळी कुलूप असायचं. मी दुसरं घ्यायला सांगितलं तर म्हणालात, एका संसाराला एक कुलूप पुरे. वाढदिवसाला आपण लॉजवर पोचलो, तुम्ही नेहमीप्रमाणे खोलीला कुलूप लावलंत, दोनदा ओढलंत, आणि आपण खानावळीत बसलो. आमटी वाढून झाली आणि विद्यावहिनींचा फोन आला. समोरच्या दारातल्या आपल्या विद्यावहिनी.

"नंदाताई, तुमच्या दाराला नुसती कडी आहे. कुलूप नाही. मी आत जाऊन बघितलं, चोर वगैरे कुणी नाही. विरजण बाहेर राहिलं होतं, ते फ्रिजमध्ये ठेवलंय."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ताटाकडे.

"कुलूप कुठाय?"

"खोलीला."

"मग घराला?"

"एकच तर कुलूप हाय," तुम्ही म्हणालात.

मी उठले. तुम्ही म्हणालात, "बस, भात येऊ दे." मी म्हटलं, उघडं घर टाकून मी इथे भात खाऊ? माझी कॉलेजची ट्रंक आहे त्या घरात, सर्टिफिकिटं आहेत. फोन चालूच होता, वहिनींनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "तुम्ही राहा हो निवांत. आम्ही जाऊन बसतो तिथे. आमच्या टीव्हीवर तशाही मुंग्या येतायत. आजींनाही घेऊन जाते." आजी म्हणजे त्यांच्या सासूबाई.

रात्रभर मी तळमळले आणि तुम्ही घोरलात. सकाळी परत आलो तर आपल्या दारात चपलाच चपला. आत फोडणीचा वास. आपल्या दिवाणावर आपलीच चादर पांघरून आजी झोपलेल्या. विद्यावहिनी माझ्या स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याच घरात मला म्हणाल्या, "आलात? चहा टाकते."

मला राग आला होता. खरंच आला होता. आणि मागे वळून बघते तर तुम्ही उंबऱ्यावर उभे, तोंडभर हसत. "बघ," म्हणालात, "घर भरलंय की." त्या फ्लॅटला तुम्ही पहिल्यांदा घर म्हणालात, आणि तेही ते उघडं राहिलं म्हणून.

पुढे आठवडाभर सोसायटीत ज्याला त्याला तीच गोष्ट. मग मला म्हणालात, दरवर्षी असंच करू, घर उघडं ठेवून जाऊ. दुसऱ्याच दिवशी मी माणूस बोलावून लॅच बसवून घेतलं. तुम्ही म्हणालात, "दार असतं ते कुणीतरी आत यावं म्हणून." मी म्हटलं, "दार असतं लावायला. उघडंच ठेवायचं तर आमच्या खोपीचा पडदा काय वाईट होता?" माझ्या खोपीचा विषय निघाला की तुम्ही नेहमी गप्प बसायचात. तो तुमचा मोठेपणा होता, आणि मी त्याचा भांडणात भरपूर फायदा घेतला, हेही मान्य करून टाकते.

गेल्या वर्षीचं शेवटचं. काउंटरवर एक नवा मुलगा. त्याने आपली आधार कार्डं बघितली आणि परत केली. "सॉरी अंकल, लोकल आयडी अलाऊड नाहीये." तुम्ही दमला होतात, जिन्यापाशीच टेकला होतात. मी त्याला समजावत होते, आम्ही इतकी वर्षं येतोय, तर तो सिस्टिम घेत नाही म्हणाला. कोपऱ्यातल्या खुर्चीत आपले मॅनेजर बसले होते. आता कामावर नाहीत, पण सवयीने येऊन बसतात. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर काढून विचारलं, "कोंबडा?"

"आरवतो," तुम्ही जिन्यावरून म्हणालात.

"ते लोकल नाहीत," मॅनेजर मुलाला म्हणाले. "ते वारज्याचे आहेत. परगावाहून आलेत, खोली दे."

त्या रात्री सुतळी बांधताना गाठ दोनदा सुटली. मी मदत करायला आले तर म्हणालात, "बस तू." मग खाटेवर पडल्यावर मी इतक्या वर्षांचं ते विचारलं. म्हटलं, "तुम्ही म्हणता घराला माती लागते. मी म्हणते दार लागतं आणि दारावर नाव लागतं. या खोलीत आपली माती नाही, दारावर आपलं नाव नाही. मग बाहेर पडताना दरवर्षी तुम्ही घर बंद केलं का म्हणता?"

तुम्ही विचार केलात. खरंच केलात, उगाच नाही. मग म्हणालात, "सांगतो. पुढच्या वर्षी."

मी हसले. म्हटलं, वकिलासारखी तारीख काय मागता? तुम्हीही हसलात, आणि पाटीकडे बोट दाखवून मला हळू हसायला सांगितलंत.

तर परवा मी तारखेला हजर राहिले. निळी बॅग भरली, तांब्या, सुतळी, कुलूप. निघताना दारापाशी थांबले. लॅचची कळ वर करून ठेवली आणि दाराला नुसती बाहेरून कडी घातली. समोर विद्यावहिनी दारातच होत्या, तांदूळ निवडत.

"वहिनी, मी नारायण पेठेत जातेय. उद्या सकाळी येईन. दाराला कुलूप नाही."

त्यांनी सुपातून डोकं वर काढलं. "विसरलात?"

"नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. आजींना आणू?"

"आणा की."

आजींना हल्ली दिवस लक्षात राहत नाहीत, माणसं आणि सवयी मात्र पक्क्या लक्षात असतात. तुमचं त्यांना दोनदा सांगून झालं आहे, दोन्ही वेळा त्या रडल्या आणि विसरल्या. तिसऱ्यांदा सांगायचं नाही असं वहिनींनी आणि मी ठरवलंय.

मॅनेजर खुर्चीतच होते. माझ्या मागे दाराकडे त्यांनी बघितलं, थोडं थांबून पुन्हा बघितलं. मी म्हटलं, "एकटीच आहे. दीड महिना झाला." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत कपाळावर चढवला. पुण्यातल्या माणसाचं सांत्वन असंच असतं, आणि मला ते चाललं. मग म्हणाले, "कोंबडा?"

"आरवतो."

मुलाने रजिस्टर पुढे केलं. मी माझं नाव लिहून पेन ठेवलं. मॅनेजर उठून आले, वाकून वाचलं. "दुसरं नाव?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"खोली डबल आहे. डबल खोलीत एक नाव चालत नाही. नियम आहे."

असा नियम नाही. त्या भिंतीवरच्या सगळ्या पाट्या मी वाचलेल्या आहेत. मी पेन घेतलं आणि माझ्या नावाखाली तुमचं लिहिलं, बारीक अक्षरांत, पाटीवर आहे तसं.

खाट मला एकटीला ओढवेना, म्हणून मुलाला बोलावलं. त्याने विचारलं, कशाला मॅडम? मी म्हटलं, घर लावायचंय. सुतळीची गाठ तुमच्यासारखी बसली नाही, पंच्याच्या वजनाने दोरी खाली आली, तरी राहिली. खानावळीत जेवले. भात दोनदा घेतला. आणि सांगायला हवं, दीड महिन्यात लागली नव्हती इतकी गाढ झोप मला त्या खोलीत लागली. मला वाटलं होतं रडू येईल. आलं, पण थोडं, आणि मध्येच महाबळेश्वरचा फ्रिज आठवून हसूही आलं.

सकाळी कोपऱ्यावर चहाला निघाले. कुलूप लावलं. इतक्या वर्षांत ते कुलूप मी कधीच लावलेलं नव्हतं, ते खातं तुमचं होतं. दोनदा ओढून बघितलं. आणि तोंडातून निघून गेलं, "घर बंद केलं." जिन्यात औषध कंपनीचा एक विक्रेता बूट घालत होता, त्याने दचकून वर बघितलं. मी तिथेच पायरीवर बसले. आत काय होतं? तांब्या, पंचा, सैल सुतळी. पण आपण आता परत येणार आहोत आणि आलो की कुणीतरी म्हणणार आहे, आलीस का, असं त्या बंद दाराकडे बघून वाटत होतं. तुमचं उत्तर हेच असेल का, मला माहीत नाही. तुम्ही काहीतरी वेगळंच, चावट सांगितलं असतंत. पण माझ्यापुरतं मला कळलं की माती आणि दार दोन्ही बाजूला ठेवून आपण दरवर्षी इथे येत होतो, आणि भांडत मात्र वारज्यात होतो.

रिक्षात बसले तोच निखिलचा फोन. "आई, काय ठरलं?"

"अजून ठरलं नाही. दारापर्यंत पोचू दे, मग सांगते."

चार जिने चढले. लिफ्ट होती, पण चढले. प्रत्येक मजल्यावर वाटत होतं की वर सगळं सामसूम असेल, वहिनींना काही काम निघालं असेल, कडी तशीच असेल. तिसऱ्या मजल्यावर थांबून श्वास घेतला. निखिलचा प्रश्न तिथे माझ्या शेजारी उभा होता. मग वरून टीव्हीचा आवाज ऐकू आला. मग फोडणीचा वास. दारात चपलाच चपला, एक लहान मुलाची, एक कुणाची तरी नवीन. दार सताड उघडं, आणि पितळी पाटीखालून विद्यावहिनी पदराला हात पुसत पुढे आल्या.

"आलात? चहा टाकते."

मी उंबऱ्यावरूनच निखिलला फोन लावला. तो म्हणाला, "आई, एवढा आवाज कसला? कोण आहे तिथे?"

"घरी आहे मी," मी म्हटलं. "ऐक, महिन्यातून एक रात्र तुझ्याकडे मुक्कामाला येणार. माझ्या खोलीच्या दाराला एक कडी बसवून घे."

"कडी? कशाला?"

"कुलूप मी आणते."

त्याने विचारलं, "बाबांचं?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "बसवतो." तो हसत होता. त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

मी बॅग खाली ठेवली. आजी दिवाणावर आपली चादर पांघरून बसल्या होत्या, टीव्हीकडे तोंड करून. चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली, मला नीट बघितलं, आणि माझ्या मागे जिन्याकडे बघितलं.

"आलीस होय गं. आणि ते कुठं राहिले?"

विद्यावहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या.

"मागे आहेत, आजी," मी म्हटलं. "कुलूप ओढून बघतायत."